शब्द टाकणं

रविवार, रात्र

आज दिवसभर बिल विदर्स हा अमेरिकन गायक ऐकतेय. ‘लीन ऑन मी’ हे त्याचं १९७२ सालचं गाणं. सुरुवातीला पियानोवर सूर सा-रे-ग-म असे पायरी-पायरीने चढतात आणि त्याच वाटेने खाली उतरतात. नुकत्याच पेटी शिकायला बसलेल्या पोरालाही जमेल इतकं सोपं, तरी दरवेळी गळा दाटतो.

विदर्स वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्कचा, कोळशाच्या खाणींच्या गावातला. नऊ वर्षं नौदलात, मग विमानांतल्या शौचालयांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर तो जेवणाचा डबा हातात घेऊन उभा आहे. लॉस एंजेलिसला आल्यावर त्याला गावाकडची माणसं आठवायची, अडल्यानडल्याला धावून येणारी. त्यातून हे गाणं झालं. प्रियकर-प्रेयसी त्यात कुठेच नाहीत.

मला भिडतं ते त्यातलं मागणं. आज तू माझा आधार घे, थोड्याच दिवसांत मलाही कुणाचा तरी लागणार आहे, असं तो सरळ सांगतो. वर म्हणतो, अभिमान गिळ आणि हवं ते माग. मदत करायला आपण एका पायावर तयार असतो. शब्द टाकायची वेळ आली की जीभ जड होते.

परवा शेजारच्या काकू आल्या. काका दवाखान्यात, रात्री सोबतीला कुणी नाही. पण बराच वेळ त्या पावसाचं, भाजीच्या भावाचं बोलत राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. शेवटी म्हणाल्या, “तुला त्रास होणार नसेल तर…” मी हो म्हटलं आणि त्या तिथेच खुर्चीत टेकल्या. त्यांनी मला आपलं मानलं, याचा मला अजून आनंद वाटतोय.

विदर्सचं ‘लीन ऑन मी’च्या आदल्या वर्षीचं एक गाणं आजीच्या हातांवर आहे, जेमतेम दोन मिनिटांचं. ते हात रविवारी चर्चमध्ये टाळ्या वाजवतात, कधी सुजतात, ठणकतात, पडलेल्या नातवाला उचलतात. आणि लग्नाआधी आई झालेल्या गावातल्या एका मुलीला धीर देतात. ही ओळ पटकन येते नि जाते. त्या मुलीचं नाव नाही, पुढे तिचं काय झालं तेही नाही. आजीने तिला दूर लोटलं नाही, एवढं मात्र नातवाने बघून ठेवलं आणि मोठेपणी गाण्यात आणलं.