आमची वाटचाल : औषध पोहोचवून विरून जाणारे कण

पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या, एक सोनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रवाचे बारीक कण करणारे यंत्र), एक जुना फ्रीझ ड्रायर (गोठवून सुकवणारे यंत्र) आणि तीन माणसे एवढ्या भांडवलावर आम्ही कर्करोगाच्या औषधांसाठी जैवविघटनशील नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांशात (नॅनोमीटरमध्ये) मोजावे लागणारे आणि शरीरात विरून जाणारे कण, बनवण्यास सुरुवात केली. त्याआधी मी इंजेक्शने बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होतो आणि पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधाचा प्रश्न तिथेच मनात रुतला होता. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून तयार केलेल्या क्रेमोफोर या द्रावकामध्ये आणि अल्कोहोलमध्ये मिसळून देतात. मग त्या क्रेमोफोरची तीव्र अ‍ॅलर्जी उठू नये यासाठी रुग्णाला आधी स्टेरॉइड द्यावे लागते. २००५ साली अमेरिकेत अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेल्या, सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांतील पॅक्लिटॅक्सेलला मान्यता मिळाली, तेव्हा क्रेमोफोरवाचूनही हे औषध देता येते हे सर्वांसमोर आले.

कणांसाठी आम्ही पीएलजीए हे बहुवारिक, म्हणजे लांब साखळीचे पॉलिमर, निवडले. शरीरातील पाण्याने त्याची साखळी हळूहळू तुटते, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल उरते आणि त्यांचा निचरा शरीर स्वतःच करते. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइडच्या महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनात त्याच जातीचे, पण आकाराने कितीतरी मोठे कण १९८९ पासून वापरात असल्यामुळे, नवख्या पदार्थाची जोखीम आम्हाला पत्करावी लागली नाही.

खरी परीक्षा निर्जंतुकीकरणाने घेतली. पीएलजीए साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसलाच मऊ पडते, त्यामुळे ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालच्या तप्त वाफेने निर्जंतुक करण्याचा, मार्ग बंद होता; ०.२२ मायक्रॉनच्या, म्हणजे २२० नॅनोमीटरच्या गाळणीतून द्रव गाळणे एवढाच उपाय उरला. आमच्या कणांचा सरासरी आकार १८० नॅनोमीटर असल्याने आम्ही निश्चिंत होतो, परंतु सरासरीच्या आड लपलेले मोठे कण गाळणीत अडकले आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ निम्मे औषधही गेले. मोठ्या कणात औषध जास्त मावते, हे साधे गणित आम्ही मांडलेच नव्हते. त्या मालाची ऑर्डर रद्द झाली आणि दोन महिन्यांचे पगार मी घरातून दिले. त्यानंतर सोनिकेटर बाजूला ठेवून आम्ही दाबाखाली चालणारे, कण एकसारखे बारीक करणारे होमोजिनायझर घेतले आणि सरासरीऐवजी आकारांच्या पसाऱ्यावर लक्ष ठेवू लागलो. सुकवताना कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ट्रेहॅलोज साखर वापरतो. तिचे प्रमाण बसवायलाच एक पावसाळा गेला.

‘थेट गाठीवर मारा’ असे शब्द मी माहितीपत्रकात येऊ देत नाही. उंदरांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिलेल्या मात्रेपैकी मध्यक मानाने केवळ ०.७ टक्के कण गाठीत पोहोचल्याचे दिसले. बाकीचे प्रामुख्याने यकृत आणि प्लीहेत अडकतात. हा आकडा मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो, कारण आमचे काम त्याच्याशीच झुंजण्याचे आहे.

आज आम्ही चौदा जण आहोत आणि आमचे कण केवळ संशोधन प्रयोगशाळांना जातात. तरीही रुग्णांच्या नातेवाइकांचे फोन येतात. हे औषध अजून माणसांसाठी नाही, हे आम्ही त्यांना शांतपणे सांगतो, चालू असलेला उपचार थांबवू नका अशी विनंती करतो, आणि असा प्रत्येक फोन मी स्वतः घेतो.