जर्मनीत फिजिक्सची पदवी: ९.८१ आलं तरी प्रोटोकोल परत येतो

बारावीनंतर जर्मनीत फिजिक्स शिकायचं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न पैशांचा असतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सत्रशुल्क तेवढं भरावं लागतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून दर सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश होत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड, भारतात पदवीचं पूर्ण केलेलं एक वर्ष किंवा तिथलं श्टुडिएनकोलेग (विद्यापीठपूर्व तयारीचा अभ्यासक्रम), यांतली एक वाट धरावी लागते. शिकवणं बहुतेक ठिकाणी जर्मनमधून चालतं. लाइपझिगसारखा इंग्रजी अभ्यासक्रम हा अपवाद.

ही माहिती एजंटही देतो. तिथे गेल्यावर आठवडा कसा जातो, हे मात्र कुणी सांगत नाही.

पदवी सहा सत्रांची, १८० क्रेडिटची. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा एक प्रश्नसंच मिळतो, त्याला युबुंग्सब्लाट म्हणतात. तो बहुधा दोघांनी मिळून सोडवायचा आणि ठरलेल्या वेळेआधी द्यायचा. अनेक ठिकाणी सत्रभरात यातले निम्मे गुण मिळाले नाहीत, तर परीक्षेलाच बसता येत नाही. ट्यूटर कुणालाही फळ्यापाशी बोलावतो, त्यामुळे उतरवून आणलेलं उत्तर तिथेच उघडं पडतं. आपली मुलं इंटिग्रेशन झपाट्याने करतात, पण ॲनालिसिसमध्ये अडखळतात, कारण तिथे उत्तर काढायचं नसतं, सिद्ध करायचं असतं. म्हणून सत्र सुरू होण्याआधीचा गणिताचा फोरकुर्स चुकवू नका. व्हिसा लांबला की नेमका तोच हुकतो. त्यासाठी एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे भारतातली शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याच्या दाखल्याचा, अर्ज जितका लवकर जाईल तितका बरा. नापास होण्यालाही मर्यादा आहे: बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेच्या तीनच संधी मिळतात.

खरं शिक्षण होतं ते प्राक्टिकुममध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत. प्रयोग साधाच घ्या, लंबकावरून गुरुत्वत्वरण काढण्याचा. दोरी एक मीटरची, आवर्तकाल सुमारे दोन सेकंद. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक धरली, तर १० आंदोलनांना लागणाऱ्या २० सेकंदांत ती एक टक्का होते. सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात दोन टक्के. ५० आंदोलनं मोजली की तीच चूक ०.४ टक्क्यांवर येते. इथवर सगळ्यांना जमतं.

आता समजा, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता तळापर्यंत मोजली. गोळ्याची त्रिज्या १.५ सेंटिमीटर असेल तर उत्तर दीड टक्क्याने फुगतं, आणि कितीही आंदोलनं मोजली तरी ते उतरत नाही. त्यात लंबक २० अंशांवरून सोडला, तर आवर्तकाल पाऊण टक्क्याने वाढतो आणि उत्तर दीड टक्क्याने घटतं. दोन्ही चुका एकदम झाल्या तर एकमेकींना झाकतात आणि वहीत छान ९.८१ येतं! आपल्याकडे अशा रीडिंगवर जर्नलमध्ये सही होऊन जाते. तिथे प्रोटोकोल, म्हणजे प्रयोगाचा अहवाल, परत येतो, कारण तपासणारा आकड्याआधी अनिश्चिततेचं गणित वाचतो. कोन पाच अंशांच्या आत का ठेवला, लांबी कुठून कुठे मोजली, हे लिहिलेलं नसेल तर आकडा बरोबर असूनही उपयोग नाही. ज्यांना रीडिंग ‘ॲडजस्ट’ करायची सवय लागली आहे, त्यांनी ती विमानात बसण्यापूर्वी सोडावी.

संशोधनाची दारंही याच कौशल्याने उघडतात. तिसऱ्या सत्रानंतर हिवी म्हणून, म्हणजे विद्यार्थी साहाय्यक म्हणून, एखाद्या गटात काम मिळू शकतं. कुठे डेटा तपासायचा असतो, कुठे पायथनमध्ये आलेख काढायचे, कुठे लेसरची जुळणी करायची. प्राध्यापकांना लांबलचक मेल पाठवू नका. त्यांच्या गटाचा कोणता प्रयोग वाचला, आठवड्याला किती तास देता येतील आणि काय येतं, एवढं पाच ओळींत बसतं. हॅम्बुर्गच्या डेझी या कणत्वरक संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रमही पाहा. त्याचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात, मेमध्ये जाग येऊन चालत नाही. शेवटच्या सत्रात बॅचलर प्रबंध असतो, तोही एखाद्या संशोधन गटात बसूनच करतात.

विज्ञानप्रसाराला फावल्या वेळेतली समाजसेवा समजू नका. बॉन विद्यापीठाचा फिजिक्स शो २००१पासून विद्यार्थीच रंगमंचावर करतात. शाळकरी मुलांसमोर क्लाउड चेंबर, म्हणजे अदृश्य कणांच्या वाटा धुक्यात दाखवणारा डबा, मांडणं हे तर जर्मन सुधारण्याचं उत्तम साधन आहे. खाली उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ, त्यावर काळी धातूची पट्टी, वर झाकलेला पारदर्शक डबा आणि त्याच्या छताला आयसोप्रोपेनॉलने भिजवलेला फेल्ट. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपेनॉल वापरलं की पाणी मधे येतं आणि रेषा उमटत नाहीत. ९९ टक्क्यांचंच हवं. डब्याच्या कडेला फट राहिली तर हवा हलते आणि धुकं फाटतं. टॉर्च वरून नको, बाजूने आडवा धरा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. दहा मिनिटं धीर धरला की किरणोत्सारातून येणाऱ्या अल्फा कणांच्या जाड, आखूड रेषा आणि अधूनमधून वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या म्युऑन या कणाची एखादी सरळ, बारीक रेषा दिसते. तळहातातून मिनिटाला साधारण शंभर म्युऑन जातात, हे मुलांना जर्मनमध्ये समजावता आलं की तोंडी परीक्षेची भीती उरत नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगायचं तर नुसत्या बॅचलरवर थांबणारे कमी. बहुतेक जण १२० क्रेडिटचं मास्टर करतात. त्यानंतरची पीएच.डी. बहुधा पगारी पदावर होते. उद्योगात येनाचं ऑप्टिक्स, ड्रेस्डेनचं सेमीकंडक्टर, शिवाय सॉफ्टवेअर आणि विमा क्षेत्र फिजिक्सवाल्यांना घेतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा निवासपरवाना मिळतो. पण परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला मोठ्या शहरांत आठवडेच्या आठवडे लागतात. ती निकालानंतर नव्हे, प्रबंध लिहायला बसाल तेव्हाच मागून ठेवा.