एकशे दोन रवे

दिवाळी पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, आवक वाढली की अडत पेढीचा सगळा भार दोन गोष्टींवर येतो, वजनकाटा आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा मालाचा हिशेबाचा कागद. काटा बिघडला तर शेजारच्या पेढीचा मागून आणता येतो. पट्टी छापणारा प्रिंटर बसला की मात्र गुऱ्हाळावरून पहाटे निघून आलेली माणसं दुकानासमोर साठत जातात. अशाच एका पेढीचे संगणक मी सांभाळतो. त्या दिवशी सकाळी साडेसातलाच मला तिथल्या दिवाणजींचा फोन आला.

"सर, डॉट मॅट्रिक्स गेला. आठ कुठला आणि शून्य कुठला, कळंना झालंय. शेठ नवा लेझर आणायला गेल्यात. तुम्ही या तेवढं."

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हेडमधल्या बारीक पिनांनी ठिपके उमटवून अक्षर काढतो. त्यातली मधली पिन मोडली असणार. तिच्यामुळे अक्षराची मधली ओळ उमटत नाही आणि ८ चा ० दिसतो. वजन आणि रक्कम छापणाऱ्या यंत्राला याच्याहून वाईट दुखणं नाही. मी शेठना लगेच फोन करून सांगितलं, सगळ्यात स्वस्तातला प्रिंटर घेऊ नका, पीसीएल ही प्रिंटरची आज्ञाभाषा समजणारा घ्या. स्वस्त लेझरला पानाचं तयार चित्र विंडोजकडून लागतं. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, प्रोग्रामकडून नुसती अक्षरं आली तर त्याला काहीच कळत नाही. आणि या पेढीचा पट्टीचा प्रोग्राम डॉसचाच आहे.

पेढी जुनी. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, त्या पेठेत शेठांच्या आजोबांनी ती सुरू केली आणि पुढे यार्डात आणली. पट्टीचा प्रोग्राम शेठांच्या वडिलांनी करवून घेतलेला. तो लिहिणारा माणूस आता हयात नाही आणि मूळ कोड कुणाकडेच नाही. प्रोग्राम सर्व्हरवर बसलेला. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००८, तीही ३२-बिट. त्याच्या पुढच्या आवृत्तीपासून सर्व्हरची विंडोज फक्त ६४-बिटमध्ये येऊ लागली आणि ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत, म्हणून ते जुनं यंत्र आणि काउंटरवरचे दोन जुने पीसी आम्ही जपून ठेवलेत. या सर्व्हरला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झाले, तेव्हाच मी त्याचं इंटरनेट काढून टाकलं. शेठांना तेव्हा राग आला होता. मला आजही ते बरोबरच वाटतं. शेतकऱ्यांचा इतक्या वर्षांचा हिशेब ज्या यंत्रात आहे, ते उघड्यावर टाकायचं नसतं.

नऊ वाजता प्रिंटर आला. यूएसबीनं सर्व्हरला जोडला, विंडोजमध्ये असतो तो साधा जेनेरिक टेक्स्ट ड्रायव्हर घातला, प्रिंटर शेअर केला. शेअरचं नाव 'पट्टी'. डॉसची गाठ असेल तिथे शेअरचं नाव आठ अक्षरांच्या आत, मधे मोकळी जागा न सोडता इंग्रजी अक्षरांत द्यायचं, हा माझा जुना नियम. दोन्ही काउंटरवर सर्व्हरवर आहेत त्याच नावाचे आणि पासवर्डचे युजर होते, त्यामुळे परवानगीची कटकट झाली नाही. मग दोन्ही पीसींवर नेट यूज आज्ञेनं एलपीटी-वन हे प्रिंटरच्या जुन्या जोडणीचं नाव या शेअरकडे वळवलं. डॉसच्या प्रोग्रामला वाटतं, प्रिंटर आपल्या पाठीमागेच जोडलाय. प्रत्यक्षात त्यानं लिहिलेलं सगळं केबलमधून सर्व्हरच्या रांगेत जातं. हे काम मी डोळे मिटून करतो. त्या दिवशीही तसंच केलं, आणि चूक तिथेच झाली.

चाचणीचं पान छापलं, स्वच्छ आलं. दिवाणजींनी कालची एक पट्टी परत छापून बघितली. ती यायला दहा-पंधरा सेकंद लागले. सर्व्हर जुना आहे, वेळ लागणारच, असं मीच त्यांना सांगितलं. ते पंधरा सेकंद कशाचे, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

साडेदहाला सौदे संपले आणि पट्ट्यांची गर्दी सुरू झाली. एका काउंटरवर दिवाणजी, दुसऱ्यावर शेठांचा पुतण्या. प्रिंटरपाशी एक पोरगं कागद उचलून शिक्का मारायचं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातात द्यायचं. मी हत्यारं पिशवीत भरत होतो.

पन्हाळ्याच्या बाजूचे एक आबा पट्टी घेऊन पायरीपर्यंत गेले, तिथे उन्हात उभे राहिले आणि परत आले. त्यांनी कागद दिवाणजींसमोर ठेवला.

"दिवाणजी, माझं रवं एकशे दोन. हितं अठ्ठ्याऐंशी घातल्यात."

"आबा, मशीननं काढलंय, चुकायचं न्हाई."

"मशीन काय आमच्या गुऱ्हाळावर आलतं व्हय? म्या सवता मोजून टेम्पोत घातल्यात. एकशे दोन."

आबांना अक्षरं लागत नव्हती, पण आकडे लागत होते. तीस किलोचा रवा धरला तर चौदा रव्यांचे होतात ४२० किलो, चार क्विंटलच्या वर. उसाची तोड, चरक, काहिलीखालचं जळण, गुळव्याची मजुरी, टेम्पोचं भाडं, हे सगळं ज्यातून भागवायचं तो पैसा त्या एका कागदावर असतो. दुकानात एकदम शांतता झाली. मी कागद हातात घेतला.

वरच्या बाजूला बारा ओळी होत्या, त्यांना नाव नव्हतं. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन हाती येणारी रक्कम. त्याखाली भलत्याच माणसाचं नाव, आणि त्याचे ८८ रवे. म्हणजे त्या बिननावाच्या बारा ओळी आबांच्या होत्या, त्यांचं नाव आणि रवे आधीच्या माणसाच्या कागदाच्या तळाशी गेले होते, आणि तो माणूस कागद घडी घालून बाहेर पडला होता.

"छापणं थांबवा," मी ओरडलोच. दोन्ही काउंटर थांबले. पोराला विचारलं, किती कागद दिलेस? सात. शेठ स्वतः फाटकाकडे धावले, पुतण्या चहाच्या टपरीकडे. पाच कागद दहा मिनिटांत परत आले. सहावा आबांचा, माझ्या हातात. सातवा घेऊन एक माणूस गारगोटीला निघून गेला होता.

मी सर्व्हरवर रांग उघडून बघितली. तिथे प्रत्येक पट्टी वेगळी होती, वेळही वेगळी. संगणकाकडून सगळं सुटंसुटं गेलं होतं आणि कागदावर एकमेकांत मिसळलं होतं. परत आलेले कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि ओळी मोजल्या. पहिल्या कागदावर बरोबर छत्तीस ओळींनंतर दुसऱ्याचं नाव सुरू. दुसऱ्यावर वर बारा, मग छत्तीस, मग तिसऱ्या कुणाच्या बारा. छत्तीस हा आकडा दिसला आणि सगळं उलगडलं.

जुन्या डॉट मॅट्रिक्सला सहा इंची सलग कागद लागायचा, इंचाला सहा ओळी, म्हणजे पट्टीला छत्तीस. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं हिशेबानं छत्तीस ओळी पाठवल्या की कागद आपोआप पुढच्या पट्टीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. 'पान संपलं, बाहेर काढ' असं सांगणारी फॉर्म फीडची खूण त्यानं पाठवलीच नव्हती, कारण त्याला तिची गरजच नव्हती. लेझरचं तसं नाही. तो ओळीओळीनं छापत नाही, पान भरेपर्यंत पोटात ठेवून वाट बघतो. ए-फोरवर साठेक ओळी मावतात. छत्तीस आल्यावर तो उरलेल्या चोवीसची वाट बघत बसायचा, आणि त्या चोवीस ओळी पुढच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून भरायचा.

मग सकाळी एकटी पट्टी नीट कशी आली? काही वेळ नवीन काही आलं नाही, तर प्रिंटर पोटातलं अर्धं पान आपणहून बाहेर टाकतो. तेच ते पंधरा सेकंद. सकाळी मागून दुसरी पट्टी नव्हती म्हणून मला सगळं ठीक दिसलं. दोन काउंटरवरून पट्ट्या पाठोपाठ आल्या, तेव्हा प्रिंटरला तेवढी सवड मिळालीच नाही. विंडोजचं चाचणी पान तर स्वतःची खूण घेऊनच येतं, त्यामुळे त्यावरून हे कधीच कळलं नसतं.

प्रोग्राम बदलता येत नव्हता, पण प्रिंटर सर्व्हरवरून शेअर केलेला होता आणि दोन्ही काउंटरची कामं तिथूनच जात होती. सर्व्हरवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड पानावर प्रिंट प्रोसेसर नावाचं बटण असतं. बरेच जण ते कधी उघडतही नाहीत. तिथे कामाचा प्रकार रॉ होता, म्हणजे आलेलं जसंच्या तसं प्रिंटरला पाठवणारा. त्याच यादीत रॉच्याच खाली दोन पर्याय असतात. एक, प्रत्येक कामाच्या शेवटी फॉर्म फीड जोडणारा. दुसरा, शेवटी खूण आधीच आहे का ते बघून, नसेल तरच जोडणारा. मी दुसरा निवडला. पुढेमागे कुणी खूण पाठवणारा प्रोग्राम आणला, तर मधे कोरी पानं यायला नकोत.

या वेळी चाचणी पान छापलंच नाही. दिवाणजींना म्हटलं, दोघांनी मिळून वीस पट्ट्या छापा, थांबू नका, जमेल तितक्या जलद. वीस कागद आले. तळाचा भाग प्रत्येकाचा कोरा. दिवाणजींनी सौदावही काढली. हातानं लिहिलेली, लाल कापडी बांधणीची, आकडे त्यांच्या बारीक अक्षरातले. संगणक आल्यावर ती बंद करा असं शेठांना कितीजणांनी सांगितलं होतं, मीही एकदा सांगितलं होतं. दिवाणजी वहीतून नाव, रवे, वजन, दर वाचत गेले आणि मी कागद बघून हो म्हणत गेलो. विसाच्या वीस जुळल्या. मगच मी कागद सोडायला परवानगी दिली.

आबा तोवर पायरीवरच बसून होते. त्यांची पट्टी मी स्वतः नेऊन दिली आणि वरपासून खालपर्यंत वाचून दाखवली. नाव, गाव, रवे एकशे दोन, वजन, दर, हमाली, तोलाई, रक्कम. रकमेवर त्यांनी बोट ठेवायला लावलं. मी ठेवलं. मग त्यांनी पट्टी घडी करून कोपरीच्या आतल्या खिशात घातली.

"परत असं व्हायचं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही होणार, आबा. मी दुपारपर्यंत इथंच आहे."

मी संध्याकाळपर्यंत थांबलो. गारगोटीच्या शेतकऱ्याला दिवाणजींनी तीनदा फोन लावला, चौथ्यांदा लागला. तो घरी पोचला होता आणि त्यानं कागद उघडूनही बघितला नव्हता. दिवाणजींनी त्याला वहीतले खरे आकडे वाचून दाखवले, फोनवरच लिहून घ्यायला लावले, आणि येताना तो कागद घेऊन या म्हणून दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम पेढीवर गेलो. माणूस येऊन नवी पट्टी घेऊन गेला होता. जुना कागद दिवाणजींनी सौदावहीत त्या तारखेच्या पानाला टाचला होता, आणि त्यावर आडवं, तांबड्या शाईत लिहिलं होतं : रद्द.