सिरॅमिक कपॅसिटर आणि हरवलेला झिरो: बक कन्व्हर्टरची प्रगती

१२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, २ अँपिअर देणारा आणि १०० किलोहर्ट्झवर चालणारा माझा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारे स्विचिंग सर्किट) टाइप-२ कॉम्पेन्सेशनवर (फीडबॅक लूप स्थिर ठेवणाऱ्या जोडणीवर) गेला महिनाभर स्थिर होता. रिपल (आउटपुटवरची बारीक लहर) कमी करण्यासाठी मी त्याचा ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून २२ मायक्रोफॅरडचे चार सिरॅमिक कपॅसिटर बसवले, आणि लोड जोडताच आउटपुट सुमारे ७ किलोहर्ट्झने डोलू लागले.

जुन्या कपॅसिटरचा ईएसआर (अंतर्गत रोध) ६० मिलिओहम होता. त्याचा झिरो (जिच्या आसपास लूपची फेज वाढते ती फ्रिक्वेन्सी) ५.६ किलोहर्ट्झला पडत असल्यामुळे १० किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला (जिथे लूपचा गेन १ होतो) सुमारे ६० अंश फेज आयती मिळत होती; ज्या ईएसआरला मी दोष समजत होतो, त्यानेच लूप सावरून धरले होते. सिरॅमिकचा झिरो मेगाहर्ट्झच्या घरात जातो, त्यामुळे क्रॉसओव्हरला त्याचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय कागदावरचे ८८ मायक्रोफॅरड, ५ व्होल्ट डीसी लावून मोजल्यावर, जेमतेम ५० भरले. ही मोजणी टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण ४७ मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरबरोबरचा अनुनाद त्यामुळे २.५ ऐवजी ३.३ किलोहर्ट्झला येतो आणि पुढचे सगळे आकडे त्यावरच उभे राहतात.

रॅम्प (स्विच किती वेळ चालू राहील हे ठरवणारी करवती लहर) ३ व्होल्टचा असल्याने मॉड्युलेटरचा गेन १२ भागिले ३, म्हणजे ४ आहे. १० किलोहर्ट्झला पॉवर स्टेजचा एकूण गेन ०.४८ आणि फेज उणे १६९ अंशांच्या आसपास येते, म्हणजे कॉम्पेन्सेटरने तिथे २.१ गेन आणि १३५ अंशांची फेज-वाढ द्यायला हवी. टाइप-२ मधून ९० अंशांपेक्षा जास्त वाढ मिळूच शकत नाही, म्हणून दोन झिरो आणि दोन पोल (फेज मागे ओढणाऱ्या फ्रिक्वेन्सी) असलेला टाइप-३ अटळ होता. डीन व्हेनेबल यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या, हव्या त्या फेज-वाढीवरून झिरो-पोलच्या जागा ठरवणाऱ्या के-फॅक्टर पद्धतीने दोन्ही झिरो २ किलोहर्ट्झजवळ आणि दोन्ही पोल ५० किलोहर्ट्झला ठेवले. आउटपुट विभागून फीडबॅकला देणाऱ्या डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर १० किलोओहम धरल्यावर त्याला समांतर ३९० ओहम व ८.२ नॅनोफॅरड यांची जोडी, आणि ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये ३.९ किलोओहम व २२ नॅनोफॅरड यांच्या जोडीला समांतर ८२० पिकोफॅरड, अशा बाजारात मिळणाऱ्या किमती निघाल्या.

डिव्हायडरच्या वर २२ ओहमचा रेझिस्टर घालून, त्यावर छोट्या ट्रान्सफॉर्मरने सिग्नल सोडून लूप मोजला. गणितातला फेज मार्जिन (लूप डोलू लागण्यापूर्वी शिल्लक असलेली फेज) ५७ अंश होता, प्रत्यक्षात ५२ मिळाला. कम्पॅरेटर व गेट ड्रायव्हर मिळून सव्वा मायक्रोसेकंदाचा विलंब आहे, आणि १० किलोहर्ट्झला तो साडेचार अंश खातो, त्यामुळे हिशेब जुळला. लोड ०.५ वरून १.५ अँपिअरवर झटक्याने नेला, तेव्हा आउटपुट एकदा खाली जाऊन न डोलता सावरले.

०.३ अँपिअरखाली इंडक्टरचा प्रवाह खंडित होतो आणि प्रतिसाद मंदावतो. तो मी तसाच ठेवला आहे. मात्र इनपुट १५ व्होल्ट केल्यावर गेन जवळजवळ २ डेसिबलने वाढतो, म्हणून रॅम्पची उंची इनपुटच्या प्रमाणात बदलणारे सर्किट आता ब्रेडबोर्डवर जोडत आहे.