फरक स्पष्ट करा

दुपारी पडल्यापडल्या भाचीची वही चाळत होतो. ‘फरक स्पष्ट करा : कास्थिमत्स्य आणि अस्थिमत्स्य.’ मधे पट्टीने ओढलेली उभी रेघ, डावीकडे उदाहरण म्हणून पाकट, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा. हा प्रश्न मला शाळेपासून डाचतो. मासा आणि मासा यांतला फरक काय विचारायचा? पाकट आणि बोरू, म्हणजे ज्याची लेखणी करतात ते चिखलात वाढणारं पोकळ गवत, यांतला विचारा की!

माझ्या डोक्यात ही जोडी पक्की बसलीय ती आजोबांमुळे. आजोबा मास्तर. पडवीत खुंटीला पाकटाचं वाळवलेलं शेपूट टांगलेलं. काटा काढलेला, पण हात फिरवला तर कानशीसारखं खरखरीत. खाली फडताळात बोरूंची जुडी. बोरू डाव्या अंगठ्यावर टेकवून आजोबा चाकूने तिरपा काप घेत, मग टोकाला मधोमध बारीक चीर. चीर जरा लांबली की शाई ढळायची आणि तो बोरू अंगणात. त्या बोरूने कित्ता गिरवायचा आणि अक्षर बिघडलं की आपली नजर आपसूक खुंटीकडे. शेपूट कधी खाली उतरलं नाही. माझा ‘ण’ मात्र अजून भीतीनेच वळणदार येतो.

तर फरक. हाडं दोघांनाही नाहीत, पाकटाचा सांगाडा नुसत्या कूर्चेचा, पण बोरूला निदान पेरं आहेत.

पुढे रेघ ओढायला गेलं की पंचाईत होते. पाकट वाळूत अंग पुरून बसतं आणि तोंड पोटाखाली. तिथून पाणी ओढलं तर गाळच आत येईल. म्हणून ते डोळ्यांमागच्या दोन भोकांतून पाणी घेतं आणि खालच्या कल्ल्यांच्या फटींतून सोडतं. बोरूची मुळं रुतलेली असतात त्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. तो वरून, पोकळ दांड्यातून मुळांपर्यंत पोचतो. म्हणजे दोघांचंही बस्तान गाळात आणि नाक वर. गवताला नाक म्हटलं तर वहीत लाल फुली बसेल, बसू दे.

कापल्यावर मात्र खरा फरक कळतो. बोरू कितीही कापा, चिखलातल्या आडव्या खोडातून पुन्हा फुटतो. पाकट अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं, तीही मोजकीच. आणि ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. आपल्या किनाऱ्यावरचं पांढऱ्या ठिपक्यांचं पाकट, मॅक्युलाबाटिस जेरार्डी, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत धोक्यातल्या जातींत गेलंय. बाजारात त्याचे तुकडे अजून मिळतात. आणि पाकटाचं सुकं मला आवडतं, हेही खरंच.