नवीन रबर लावल्यावर पद्मिनीचं दार का लागत नाही

पावसाळ्याआधी प्रीमियर पद्मिनी गाडीला किंवा जुन्या फियाट 1100 ला दारांची नवी रबरं बसवली की लगेच एक तक्रार येते: दार आपटल्याशिवाय लागत नाही. लॉकचा पहिला खटका पडतो, दुसरा पडतच नाही. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं, "चालवा, बसेल."

स्पंजच्या रबराबाबत हे बरंचसं खरं आहे. भरीव रबराबाबत अजिबात नाही. भरीव रबर वर्षभर आपटलं तरी दबत नाही. मधल्या काळात काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेचे स्क्रू ढिले होतात आणि लॉक झिजतं. म्हणून आधी अंगठ्याने दाबून बघा. स्पंज सहज चेपतं आणि सोडल्यावर फुगतं, भरीव रबर नुसतं कलतं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला मीटरवर रबर घेताना ही परीक्षा दुकानातच करा.

जाडीचा गैरसमज याहून मोठा आहे. जाड रबर घेतलं की पाणी येणार नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात जाड रबर दाराला बाहेर ढकलतं, दार किंचित पिळतं, वरचा कोपरा उघडा पडतो आणि पाणी नेमकं तिथूनच आत येतं. त्यामुळे विकत घेण्याआधी फट मोजायला हवी. जुनं रबर आणि त्याखालचा वाळलेला गोंद काढून टाका; गोंदाचा थरच कधीकधी मिलिमीटरभर असतो. रॉकेलने तो सुटतो, पण नंतर पत्रा कोरडा पुसून घ्या, कारण रॉकेल आणि ऑइलमुळे बहुतेक दाराची रबरं फुगतात. मग मुलांच्या खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीवर सात-आठ जागी चिकटवा, दार दुसऱ्या खटक्यापर्यंत लावा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने (मिलिमीटरचे भाग मोजणाऱ्या पट्टीने) मोजा. फट 10 मिमी असेल तर 14 ते 15 मिमीचं पोकळ स्पंज रबर पुरतं, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा दबतो. एकाच दाराला बिजागरीकडे 7 आणि लॉककडे 11 मिमी फट निघाली, तर दोष रबराचा नसून दार टांगण्याचा आहे.

रबर काढलेलं असतानाच बिजागऱ्या तपासा. दार अर्धं उघडून लॉककडची कड दोन्ही हातांनी वर उचला. खटखट जाणवली तर पिना झिजल्या आहेत, त्या आधी बदला. रबराशिवाय दार हलक्या हाताने लागलंच पाहिजे. ते लागत नसेल तर पुढचं सगळं काम वाया जातं.

आता रबर मास्किंग टेपने तात्पुरतं लावून दार हळू ओढा आणि विरोध कुठे सुरू होतो ते बघा. दार अजून वीतभर उघडं असतानाच ते परत उसळत असेल, तर रबर बिजागरीच्या बाजूला अडकतंय. तिथे ते चौकटीच्या आतल्या बाजूला सरकवा किंवा तेवढ्या भागात पातळ रबर घ्या. अगदी शेवटच्या बोटभर अंतरात अडत असेल तर जागा लॉककडची आहे. एकदा काच पूर्ण खाली करूनही लावून बघा. काच उघडी असताना दार सहज लागत असेल, तर आत कोंडलेली हवा अडवते आहे, आणि हा विरोध पहिल्या काही आठवड्यांत रबर बसल्यावर कमी होतो.

पोकळ रबराच्या आतली हवाही अशीच कोंडते. दोन्ही टोकं गोंदाने बंद झाली आणि भोकं नसली, तर ते फुग्यासारखं वागतं. केबिनकडच्या बाजूने दर 15 ते 20 सेंटिमीटरवर 3 मिमीचं भोक चामड्याच्या पंचने पाडा. बाहेरच्या बाजूने मात्र पाडू नका.

चिकटवायला फेविकॉल एसआर 998 सारखा काँटॅक्ट गोंद दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. जोड खाली, दाराच्या तळाच्या मध्यावर ठेवा. कोपऱ्यावर रबर ताणू नका. ताणलेलं रबर तिथे पातळ होतं आणि पुढे आखडून जोड उघडतो. उलट कोपऱ्यात ते किंचित सैल सोडून दाबत न्या.

स्ट्रायकरला, म्हणजे चौकटीवरच्या ज्या तुकड्यात दाराचं लॉक अडकतं त्याला, हात सगळ्यात शेवटी. आधीची जागा पेन्सिलीने आखून घ्या, स्क्रू अर्धे ढिले करा आणि एका वेळी एकच मिलिमीटर हलवा. बाहेर सरकवला की दार लगेच लागतं, म्हणून तो मोह होतो. पण मग दाराची कड शेजारच्या पत्र्याच्या बाहेर राहते आणि वाऱ्याचा आवाज सुरू होतो. नवं रबर बसेपर्यंत जास्तीत जास्त दीड मिलिमीटर बाहेर घ्या, दोन-तीन आठवड्यांनी परत आत आणा.

डुक्कर फियाटला, म्हणजे सुरुवातीच्या फियाट 1100 ला, यातलं काहीच सैल सोडू नये. तिची पुढची दारं मधल्या खांबावर टांगलेली आणि पुढून उघडणारी आहेत. तिथे दार पहिल्याच खटक्यावर राहिलं आणि सुटलं, तर वारा ते पूर्ण उघडतो. दुसरा खटका पडत नसेल तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका.

तपासणीला रबरावर खडू घासून दार लावा; समोरच्या पत्र्यावर रेघ तुटली असेल तिथे रबर टेकत नाही. मग पाइपने कमी दाबाचं पाणी खालून वर सोडत न्या, आत एकजण टॉर्च घेऊन बसू द्या. रेघ अखंड असूनही पायाशी ओल दिसली तर दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. काचेच्या कडेने दारात उतरणारं पाणी तिथूनच बाहेर पडतं, आणि नवं रबर किंवा अंडरकोटिंग नेमकी तीच बुजवतं.