राजाने कमरेची तलवार काढून शहराला दिली

इंग्लंडच्या एक्झिटर शहराकडे एक तलवार आहे, सातव्या हेन्री राजानं दिलेली, साल १४९७. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता ना, तसाच तिकडे पर्किन वॉरबेक नावाचा तोतया मीच खरा राजपुत्र म्हणत कॉर्नवॉलमधून हजारो माणसं घेऊन एक्झिटरवर चालून आला. त्यांनी वेशीला आग लावली तर शहरातल्या लोकांनी आतून अजून लाकडं टाकून ती आग भडकवली म्हणजे कुणाला आत शिरताच येऊ नये, आणि तेवढ्या वेळात मागे आडोसा उभा केला! साध्या गावकऱ्यांचं हे डोकं, मला तर हे वाचून फार भारी वाटलं. शहर पडलं नाही. नंतर राजा स्वतः आला आणि आपल्या कमरेची तलवार अन् मानाची टोपी शहराला दिली, तेव्हापासून समारंभात महापौरापुढे तलवार धरून चालायचा मान.

हे वाचताना मला सारखं आपलं थाळनेर आठवत होतं. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं, खान्देशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. जानेवारी १८१८ मधे मंदसोरच्या तहात होळकरांनी खान्देशातला मुलूख इंग्रजांना देऊन टाकला, तरी किल्लेदार तुळशीराम मामांनी किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉप तोफा घेऊन आला. एकामागून एक दरवाजे गेले, शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीपाशी (छोट्या दारापाशी) बोलणी चालू असतानाच गडबड झाली, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग आतली जवळजवळ सगळी शिबंदी, तीनशेच्या आसपास माणसं, कापून काढली. मामांना त्याच दिवशी बुरुजावर फाशी दिली. या फाशीवरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटमधेसुद्धा प्रश्न उठले.

एक्झिटरचा राजा जिंकला म्हणून तिथल्या लोकांना तलवार मिळाली, इथे धनीच तह करून मोकळा झालेला, मग मान देणार कोण? पण दरवाजा न उघडण्याची हिंमत मला तरी दोन्हीकडे सारखीच वाटते.

दर २७ फेब्रुवारीला धुळे-शिरपूरच्या शाळांनी पोरांना थाळनेरला न्यावं असं मला मनापासून वाटतं, खाली तापी दाखवावी, किल्ल्याच्या वाटेनं चालवावं आणि इथे काय झालं ते तुळशीराम मामांचं नाव घेऊन तिथेच उभं राहून सांगावं.